दमलात तर बसा

जुईच्या तोंडासमोर नाचणीच्या खिरीचा चमचा धरून सायली ‘हा घास चिऊचा, हा घास काऊचा’ करत होती, तेव्हा फोन वाजला. स्क्रीनवरचं नाव बघून चमचा हवेतच थबकला आणि जुईने संधी साधून तोंड फिरवलं.

सलाउद्दीन चाचा.

जुई झाल्यापासून या नावाने फोन आला नव्हता. ईदला एक शुभेच्छा, दिवाळीला एक पणतीचं चित्र, एवढाच व्यवहार उरला होता.

“सिएरा, अल्फा, यँकी, अल्फा, लिमा, इंडिया,” पलीकडून तोच घोगरा, मिश्कील आवाज आला. “आवाज पोहोचतोय का?”

“पोहोचतोय, चाचा.”

“‘रॉजर’ म्हणायचं, बेटा. विसरलीस सगळं. बरं, ज्युलिएट युनिफॉर्म इंडिया कशी आहे?”

सायलीला क्षणभर काही उलगडेना. मग मांडीवरच्या पोरीकडे बघून ती एकदम हसली. जुई!

“एवढीशी पोर, आणि नावात आख्खा युनिफॉर्म अन् वर इंडिया,” चाचा म्हणाले. “फौजेतच जाणार, लिहून ठेव.”

चाचांनी उभी हयात ओझरच्या विमान कारखान्यात रेडिओ दुरुस्त करण्यात घालवली होती. रेडिओच्या खरखरीत ‘बी’ म्हटलं की ‘डी’ हे कळत नाही, म्हणून विमानवाले प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक ठरलेला शब्द वापरतात. ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो, असं थेट झेडच्या झुलूपर्यंत. नोकरी सुटली पण चाचांच्या जिभेवरून ते शब्द काही सुटले नाहीत. किराणावाल्याला फोनवर पत्ताही ते तसाच सांगत. बेगम चाची म्हणायच्या, “काझीसाहेब घाईत होते म्हणून बचावले. नाहीतर यांनी ‘कबूल’सुद्धा अक्षरं फोडून सांगितलं असतं.”

“काम होतं,” चाचांचा आवाज खाली आला. “सिएराचा डबा बिघडलाय. बाहेरगावच्या कुणी तक्रार टाकली. रविवारपर्यंत मूळ डबा जागेवर असल्याचा फोटो दाखवला नाही तर वेबसाइटवाले तो बंद करतील म्हणतायत. आणि तो एक गेला तर पुढचं सगळंच गेलं. माझा गुडघा बदललाय, डॉक्टर जिना चढू देत नाही. तू जाऊन बघशील?”

सायलीने चमचा वाटीत ठेवला. सिएराच का?

“तुमच्या उमरभाईंना पाठवा ना. नाहीतर ग्रुपमधले सुनीलदादा आहेत.”

“उमरला ड्युटी आहे. आणि मी तुला विचारतोय.”

“चाचा, मी आता कुठे... माझं आता सगळं...”

“आता काय? रस्ता विसरलीस की पाय विसरलीस?”

हा डब्यांचा खेळ ज्यांनी खेळला नाही त्यांना तो शुद्ध वेडेपणा वाटतो. कुणीतरी डोंगरात, देवराईत, नाहीतर भर चौकातल्या पाटीमागे एक डबा लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश एका वेबसाइटवर टाकतं. बाकीच्यांनी फोन हातात धरून तो हुडकायचा, आतल्या कागदावर सही करायची आणि होता तसाच ठेवून द्यायचा. आतली वस्तू घेतलीच, तर बदल्यात आपली काहीतरी ठेवायची. वाटेने माणूस आला की फोनवर बोलण्याचं नाटक करायचं. नाशिकमध्ये हे वेड लागलेली पंधरा-वीस माणसं होती. वत्सलाबाई, म्हणजे सायलीच्या सासूबाई, त्यांना ‘डबेवाले’ म्हणत. “आम्ही डबे घासून घासून मेलो आणि ही बया डबे शोधायला डोंगरावर जाते,” असं त्या आल्यागेल्याला कौतुकाने सांगत.

सायली या खेळात आली तीच गंगापूर धरणाच्या कडेला. पहिलाच डबा सापडला, सही करायला गेली तर पेन्सिल गायब. तिने पर्समधली काजळाची पेन्सिल काढली आणि ठसठशीत सही ठोकून दिली. पुढच्या रविवारी चाचा तिथे गेले आणि संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा मेसेज आला : ‘ही कोण बाई? डब्याला नजर लागू नये म्हणून काजळ लावून गेली!’ तेव्हापासून ती ग्रुपची काजळवाली. मग काय, प्रत्येक रविवार डोंगरात. चाचा पुढे, त्यांच्या पिशवीत खारी आणि थर्मास, मागे शंभर किलोंचे केरूनाना हाश्शहुश्श करत, आणि सगळ्यांच्या पुढे धावणारा सुनीलदादा. “सापडला!” हे आधी ओरडायचं आणि मग शोधायचं, अशी त्याची रीत.

पुढे सायलीला दिवस गेले आणि चढावर मळमळायला लागलं. आठवा महिना चालू असताना चाचांनी आपली माळ उघडली. दिंडोरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना, म्हसरूळपासून रामशेज किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत, अल्फा ते झुलू असे डबे. प्रत्येक डबा ग्रुपमधल्या एकेका माणसाच्या मानाचा. झाकणाच्या आत चाचांनी स्वतः ब्रशने त्याचं नाव रंगवलेलं आणि आत त्या माणसाची आठवण सांगणारी एखादी वस्तू. ज्या अक्षराचं माणूस ग्रुपमध्ये नव्हतं त्याचं झाकण कोरं. ‘येईल कुणीतरी,’ असं चाचांनी लिहिलं होतं. शिवाय प्रत्येक झाकणाच्या कडेला एक आकडा. सगळे आकडे जमवले तरच शेवटच्या झुलूची जागा कळणार.

पलंगावर पडल्या पडल्या सायली ग्रुपवरचे फोटो बघत राहिली. किलो केरूनानांना मिळाला तेव्हा सगळे हसून लोळले. रोमिओ रय्यानच्या वाट्याला आला, त्याचा नुकताच साखरपुडा झालेला. टँगो तरन्नुमला. सगळे आपापलं झाकण छातीशी धरून दात काढत होते. आणि एक दिवस सुनीलदादाने सिएराचा फोटो टाकला. झाकण दाखवलं नव्हतं, नुसता अंगठा वर. ‘एस म्हणजे कोण, सांगायला पाहिजे का?’

एस म्हणजे सुनील. बरोबरच होतं. तो जुना, सगळीकडे पुढे. आपण काय, दोन-तीन वर्षं आलो आणि गेलो. सायलीने तेव्हा अभिनंदनाचा हात जोडलेला बाहुला टाकला आणि ग्रुप म्यूट केला. कुणाला काही बोलली नाही. नवऱ्याला, रविराजलाही नाही. बोलायचं तरी काय, की मला डबा नाही मिळाला? पण रात्री-अपरात्री जुईला पाजताना कधीतरी ते आठवायचंच. चाचासुद्धा विसरले.

तरीही शनिवारी सकाळी ती निघाली. रविराजची दुसरी पाळी होती. तो म्हणाला, “जा गं. मी बघतो हिला. फार तर रडेल, रडण्यात ती पटाईतच आहे.”

म्हसरूळ मागे पडलं आणि स्कूटीवर गार वारा लागला तशी सायलीच्या अंगातली कुठलीतरी जुनी खिटी सुटली. द्राक्षबागांत छाटणी होऊन नवी पानं लुसलुशीत हिरवी झाली होती. फवारणीचा ट्रॅक्टर ओळींमधून घोंघावत होता, औषधाचा उग्र वास थेट रस्त्यापर्यंत येत होता. समोर रामशेज. आशेवाडीच्या अलीकडे डाव्या हाताच्या टेकडीवर फोनने बाण दाखवला. ती चढली, धापा टाकत, पण चढली.

वर एक भलामोठा काळा खडक, शेजारी करवंदीची जाळी. वेबसाइटवर सिएराची खूण म्हणून चाचांनी तीनच शब्द लिहिले होते : ‘दमलात तर बसा.’ पण बसायला वेळ कुठे होता? तिने खडकाच्या फटी तपासल्या, जाळीत हात घालून ओरखडे काढून घेतले, आणि एका दगडामागे तिच्या हाताला प्लॅस्टिकची बाटली लागली. गोळ्यांची रिकामी बाटली. आत कागद, पेन्सिलीचं थोटूक. झाकणाच्या आत मार्करने लिहिलं होतं : ‘सुनील.’

झालं. डोळ्यांनी बघितलं. सायलीने फोटो काढला. छातीत पान्हा दाटून आला होता, कुडता भिजायला लागला होता. घरी पोर वाट बघत असेल. कशाला आलो, असं म्हणत ती भराभर उतरली.

दुपारी ती जुईला घेऊन चौक मंडईजवळच्या चाचांच्या घरी गेली. बेगम चाचींनी पोरीला असं उचललं की ती परत मिळेल अशी आशाच सायलीने सोडली. चाचा खुर्चीत, पाय स्टुलावर, जवळ काठी. दाढी पूर्ण पांढरी झालेली. पण डोळे तेच.

“आहे तुमचा डबा जागेवर,” सायलीने फोन पुढे केला. “उगाच घाबरलात.”

चाचांनी चष्मा वर केला, खाली केला. “हे काय आहे?”

“सिएरा.”

“ही औषधाची बाटली आहे, बेटा. मी माणसाला औषधाच्या बाटलीत ठेवीन? माझे डबे पत्र्याचे. प्रत्येकाला दोन हात रंग दिलाय. आणि आकडा कुठाय याच्यावर?”

आकडा नव्हता. सायलीच्या तेव्हा लक्षातच आलं नव्हतं. नाव बघितलं आणि पुढचं काही दिसलंच नाही.

चाचांनी फोन लावला, स्पीकरवर. “सुनील, सिएराला बाटली तू ठेवलीस?”

पलीकडे खोकला. “चाचा, ते... तीन वेळा गेलो हो. सगळा खडक पिंजून काढला. म्हटलं, पावसात वाहून गेला असेल. माळ तुटायला नको, म्हणून आपली एक बाटली ठेवली. मदतच केली!”

“आणि त्यावर नाव?”

“आता एस म्हणजे मीच ना?” सुनीलदादाचा आवाज जरा बारीक झाला. “नाही का?”

“मदत!” चाचांनी काठी आपटली, जुई दचकली आणि मग खूश होऊन हसली. “अरे, इतकी वर्षं खेळलास आणि एवढं शिकला नाहीस? आपल्याला सापडलं नाही, म्हणजे ते तिथं नाहीच, असं वाटणाऱ्याने हा खेळ सोडावा आणि बोहारणीबरोबर भांडी विकावीत. तुझ्या बाटलीमुळे लोक आयत्या सह्या करून पुढे गेले. आकडा कुणालाच मिळाला नाही. म्हणून आजवर एकही माणूस झुलूपर्यंत पोहोचलेला नाही. मी इथं खुर्चीत बसून विचार करतोय, माझं गणित चुकलं की काय!”

“सॉरी, चाचा.”

“उद्या सायलीबरोबर जा. तुझी बाटली तू उचलायची. डबा ती शोधेल.”

फोन ठेवल्यावर सायली म्हणाली, “अहो चाचा, पण कुठे ठेवलाय ते सरळ सांगा ना. उद्या शेवटचा दिवस आहे.”

चाचांनी बेगम चाचींकडे बघितलं. चाची जुईला खारी चोखायला देत म्हणाल्या, “सांगून टाका ना. पोरीला कशाला छळताय?”

“सांगू शकतो,” चाचा म्हणाले. “पण आजवर मी शोधणाऱ्याला जागा सांगितलेली नाही. दुपारपर्यंत नाही सापडला तर फोन कर, तेव्हा सांगेन. मात्र दोन पावसाळे गेलेत, बेटा. सुनीलचं खरंही असेल. कदाचित खरंच नसेल.” त्यांनी काठी जवळ ओढली. “तरी तू बघ. तुझ्या हातानं निघाला तर मला बरं वाटेल.”

“बघते,” म्हणून सायलीने जुईला परत मागून घेतलं. पण घरी येताना रिक्षात तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. चाचा सुनीलदादाला ‘हो, तूच’ म्हणाले नव्हते. ‘नाही’ही म्हणाले नव्हते. तिने तो विचार झटकला. आशा लावून घ्यायची आणि मग पुन्हा तेच. नको.

रविवारी सगळंच उलटं पडलं. सासूबाईंना ओझरला लग्नाला जायचं होतं आणि रविराजला ऐनवेळी ओव्हरटाइम लागला. “तिलाच घेऊन जा,” सासूबाई साडीच्या निऱ्या करता करता म्हणाल्या. “डबेवालीची पोर डब्याच्या वाटेला गेली तर बिघडलं कुठे? टोपरं बांध फक्त. वारं लागेल.”

सुनीलदादा गाडी घेऊन आला. जुईची पिशवी खांद्याला, पाण्याची बाटली हातात, आणि चेहरा शाळेतून तक्रार आलेल्या पोरासारखा. सायलीने जुईला झोळीत छातीशी बांधलं. वाटेत सुनीलदादा फार बोलला नाही, हेच नवल. टेकडीच्या निम्म्यावर मात्र त्याला राहवलं नाही.

“सायली, एक विचारू? तुला माझा राग आलाय का?”

“कशाचा?”

“तू ग्रुप सोडलास.”

“सोडला नाही दादा. म्यूट केलाय.”

“आम्हाला वाटलं, आता तुझं घर, मूलबाळ... कंटाळली असेल. केरूनाना म्हणाले, नका त्रास देऊ पोरीला.” त्याने जुईची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “खारी शिल्लक राहते आता. तुझ्या वाटणीची.”

सायलीला हसू आलं. तिने जुईचं टोपरं उगाचच सारखं केलं.

खडकापाशी पोहोचताच सुनीलदादाने आपली बाटली काढून खिशात घातली आणि दुप्पट जोमाने कामाला लागला. वर चढला, खाली वाकला, जाळीत शिरला, फटीत बॅटरी मारली. सायलीनेही शक्य तेवढं पाहिलं, पण छातीवर पोर असताना वाकता येईना. ऊन चढलं. दोनदा तिचा हात खिशातल्या फोनकडे गेला आणि दोनदा मागे आला. फोन केला की चाचा सांगतील, डबा सापडेल, किंवा सापडणार नाही. पण काहीही झालं तरी ती मग शोधणारी राहणार नाही. निरोप पोहोचवणारी होईल.

आणि मग जुईने भोकाड पसरलं. भुकेचं, हट्टाचं, सगळ्या टेकडीला ऐकू जाईल असं.

“पाणी देऊ?” सुनीलदादा घाबरून म्हणाला.

“पाणी नको तिला. दादा, तुम्ही जरा... त्या बाजूला जाऊन या.”

“तिकडे बघितलंय मी सगळं, तिकडे नाहीये.”

“दादा. मला हिला पाजायचंय.”

“अरे! हो. हो हो.” सुनीलदादा असा पळाला की थेट उतारावरच्या बोरीपर्यंत पोहोचला आणि तिथून पाठ करून मोठमोठ्याने खोकू लागला, आपण लांब आहोत हे कळावं म्हणून.

खडकाला लागून एक सपाट, बुटका दगड होता. कुणीही त्यावर बसलं असतं तर पूर्वेला तोंड करून बसलं असतं. तिकडे सगळ्या द्राक्षबागा, लांबवर रस्ता, आणि मोकळं आभाळ. सायली उलटी बसली. वाटेकडे पाठ, तोंड खडकाकडे. ओढणी पुढे घेतली. जुई लागली, रडणं एकदम थांबलं आणि टेकडी शांत झाली. खालून ट्रॅक्टरची घरघर तेवढी येत होती.

जुईच्या घशात घोट उतरल्याचा तो बारीक आवाज. सायलीने डोळे मिटले. किती दिवसांनी ती अशी बसली होती, नुसती. घरी पाजतानासुद्धा डोक्यात कुकरच्या शिट्या असायच्या. दमले आहे मी, तिच्या मनात आलं. रोज म्हणायची ते वैतागून नव्हे. खरंच, साधं, दमले आहे.

डोळे उघडले तर समोर खडक. तिच्या गुडघ्याच्या उंचीला खडकाची एक कड ओठासारखी पुढे आलेली. उभ्या माणसाला ती नुसती कड दिसेल. वाकलेल्या माणसाला तिची सावली. पण बसलेल्या माणसाला, तेही खडकाकडे तोंड करून बसलेल्याला, त्या ओठाखाली एक खोबण सरळ डोळ्यांसमोर होती. खोबणीत एक चपटा दगड उभा लावलेला. दगड आपणहून उभा राहत नाही. तो कुणीतरी ठेवावा लागतो.

सायली हलली नाही. जुई पीत होती. तिने एक हात हळूच पुढे केला आणि दगड बाजूला सरकवला.

पत्र्याचा डबा. खडकाच्याच रंगाचा, दोन हात दिलेला. कडांना थोडा गंज. एका हाताने झाकण निघेना, म्हणून तिने डबा मांडीत धरला, जुईच्या पायांपाशी, आणि अंगठ्याने रेटलं.

झाकणाच्या आत पांढऱ्या रंगात, चाचांच्या अक्षरात, लिहिलं होतं : ‘सायली.’

डब्यात सह्यांचा कागद होता, कोरा. आणि पेन्सिलीच्या जागी, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली, काजळाची पेन्सिल.

किती वेळ ती त्या पेन्सिलीकडे बघत राहिली कुणास ठाऊक. डोळ्यांतलं पाणी जुईच्या टोपऱ्यावर पडलं तेव्हा जुईने पिणं थांबवून वर बघितलं, आईचा चेहरा तपासला, सगळं ठीक आहे असं ठरवलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली.

तिचं पिऊन झाल्यावर सायलीने फोन लावला.

“सिएरा मिळाला,” ती म्हणाली.

मग चाचा म्हणाले, “आकडा?”

“सात.”

“रॉजर.” त्यांनी नाक ओढल्याचा आवाज आला. “बसलीस ना?”

“बसले. जुईला पाजायला.”

“मीपण बसलोच होतो गं. डबा दुसरीकडे ठेवणार होतो. वर गेलो तर असरची वेळ झाली. गुडघे वाकत नव्हते, म्हटलं बसूनच पढू नमाज. त्या दगडावर बसलो, पश्चिमेला तोंड केलं. नमाज झाली, दुआ मागितली, आणि डोळे उघडले तर समोर ती खोबण. त्या दिवशी दुआ तुझ्यासाठीच होती. तुझे दिवस भरत आले होते ना. म्हटलं, हीच जागा.”

“चाचा, मला वाटलं तुम्ही मला विसरलात.”

“वेडी आहेस. मला वाटलं, तू आम्हाला विसरलीस. म्हटलं, येईल, तेव्हा काढेल आपला डबा. तू येईना. मग ती तक्रार आली. खरं सांगू? मला बरंच वाटलं. तुला फोन करायला निमित्त झालं.”

“सापडला का?” बोरीपासून सुनीलदादाचा आवाज आला. “येऊ का मी?”

“या दादा.”

तो धावत आला, झाकण बघितलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू पडला. “सायली,” त्याने वाचलं. मग स्वतःशीच, “बरोबर आहे. बरोबर आहे की.” आणि फोनकडे वाकून, “म्हणजे चाचा, मी कुठेच नाही का?”

“तू झुलूत आहेस, गाढवा!” फोन एवढा खणखणला की जुई हसली. “ज्यांच्या अक्षरावर दुसरं कुणी बसलं, त्या सगळ्यांची नावं झुलूच्या झाकणात आहेत. माझंही तिथंच आहे. म्हटलं, सुनील शेवटपर्यंत पोहोचणारा गडी, त्याला शेवटी ठेवू. तर तू मध्येच बाटली ठेवून आपलाच रस्ता बुजवलास!”

सुनीलदादाने खिशातली बाटली काढून तिच्याकडे बघितलं आणि डोक्यावर हात मारला. सायली इतकी हसली की तिला खडकाला टेकावं लागलं.

मग तिने काजळाच्या पेन्सिलीचं टोपण काढलं. टोक अजून मऊ होतं. कोऱ्या कागदावर पहिली सही केली : सायली. त्याखाली : जुई. चिमूटभर काजळ बोटावर घेऊन जुईला तीट लावायला गेली आणि थबकली. जुनं काजळ, गालाला नको. तिने जुईच्या उघड्या तळपायाला तो ठिपका लावला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, एका पायात मोजा नव्हता. वाटेत कुठेतरी बाईसाहेबांनी भिरकावला होता. उरलेला एक कशाला हवाय? तिने तो काढून घडी घातला आणि डब्यात ठेवला, काजळाच्या शेजारी. झाकणाचा फोटो काढला, झाकण लावलं, डबा खोबणीत सरकवला, चपटा दगड होता तसा उभा केला.

“चाचा, एक विचारू? ज्युलिएटचं झाकण कोरं आहे ना अजून?”

“‘जे’ अक्षराचं कोण होतं तेव्हा आपल्यात?” चाचा म्हणाले. “कोरंच आहे. म्हसरूळच्या अंगाला, पाटाजवळ. चढ नाही. रंग माझ्याकडे आहे, ब्रशही आहे. पण माझा हात आता थरथरतो, तुला लिहावं लागेल. आणि हे बघ, या सगळ्या डब्यांना दर पावसाळ्यानंतर कुणीतरी बघून यायला लागतं.”

“येते पुढच्या रविवारी रंग न्यायला,” सायली म्हणाली. “खारी आणून ठेवा.”

“आधी झुलू!” सुनीलदादा मध्ये पडला. “सात मिळाला, आता सगळे आकडे झाले की! आत्ता गेलो तर—”

“आधी मोजा,” सायली म्हणाली. “आमच्या सासूबाई मोज्याचा हिशेब विचारतील. एक डब्यात गेला हे चालेल त्यांना, दोन्ही गेले तर नाही.”

म्हणून मग ते उतरू लागले. जुई झोळीत पेंगुळली होती, काळा ठिपका लावलेला तिचा पाय बाहेर लोंबत होता. सुनीलदादा पुढे पुढे धावत गवत बघत होता, झुडपं हलवत होता, मान उंच करून लांबपर्यंत नजर टाकत होता, आणि मोजा काही दिसत नव्हता.

“सुनीलदादा,” सायलीने मागून हाक मारली, “जरा बसून बघा.”